एकोणीस प्रयोगांनंतर

१६ डिसेंबर १९७२. पुण्याच्या सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर. रंगमंचावर बारा माणसं एका रांगेत उभी राहिली आणि गात-डोलत गणपतीला आवाहन करू लागली. गणपती नाचत आला, सरस्वती आणि लक्ष्मी आल्या, खेळाला आशीर्वाद मिळाला. खेळे, दशावतार किंवा तमाशा पाहिलेल्या माणसाला हे सारं ओळखीचं होतं. थोड्याच वेळात रांगेतली तीच माणसं पेशवाईतले पुण्याचे ब्राह्मण झाली आणि घरी कीर्तनाचं निमित्त सांगून कलावंतिणींच्या बावनखणीकडे निघाली. अभंगातून लावणी निघाली, लावणीतून पुन्हा अभंग. माणसांची ती भिंत पाठमोरी झाली की आडोसा व्हायची आणि वळली की जमाव.

नाटक विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे आणि घाशीराम झाले होते रमेश टिळेकर. संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, पुणेकरांच्या तोंडी ‘पीडीए’. एकोणीस प्रयोग झाले आणि नाटक थांबलं. ते थांबवण्यात सरकारचा किंवा परिनिरीक्षण मंडळाचा हात नव्हता. ज्या संस्थेने ते उभं केलं, तिच्याच अध्यक्षांनी ते बंद केलं.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख बहुधा दोन ओळींत उरकला जातो. नाटक बंद पडलं, तरुण बाहेर पडले, नवी संस्था निघाली, नाटक जगभर गाजलं. मला वाटतं, त्या दोन ओळींमध्ये पुण्याच्या नाट्यजीवनातला एक फार मोलाचा प्रश्न दडलेला आहे. नाटक कोणाचं असतं? लिहिणाऱ्याचं, बसवणाऱ्याचं, ज्या संस्थेच्या नावाने ते होतं तिचं, की रोज अंगात वागवणाऱ्या नटांचं?

हा प्रश्न तेंडुलकरांना नवा नव्हता. पाच वर्षांपूर्वी, १९६७ मध्ये, मुंबईत ‘रंगायन’ ही संस्था त्यांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवत होती, तेव्हा त्यांचा आणि दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांचा अखेरच्या अंकावरून मोठा वाद झाला होता. खटल्याच्या खेळात घेरल्या गेलेल्या लीला बेणारेला शेवटी सलग, दीर्घ स्वगत द्यावं, असा देशपांडे यांचा आग्रह होता. तेंडुलकरांना ते पटत नव्हतं. जी बाई सगळ्यांसमोर गप्प केली गेली आहे, ती अशी बोलेल कशी, ही त्यांची अडचण होती. प्रयोग तोंडावर आला होता. अखेर दिग्दर्शकाच्या हट्टापुढे नाटककार झुकला, स्वगत लिहिलं गेलं आणि सुलभा देशपांडे यांनी ते असं केलं की आज त्या स्वगताशिवाय ते नाटक कोणाला आठवतच नाही. लेखकाला नको असलेला भाग नाटकाची ओळख होऊन बसला. तालमीच्या खोलीत लेखकाची मालकी कशी सैल होते, हे तेंडुलकरांनी स्वतः अनुभवलं होतं. हे भांडण नाटक अधिक चांगलं कसं होईल यासाठीचं होतं, आणि त्यातून दोघांचंही भलं झालं.

पुण्यातलं भांडण निराळ्या जातीचं होतं. ते समजायचं तर आधी पीडीए आणि भालबा केळकर समजून घ्यायला हवेत.

प्राध्यापक भालबा केळकर हे लेखक, नट आणि दिग्दर्शक. पन्नासच्या दशकाच्या आरंभी पुण्यातल्या समविचारी मित्रांना घेऊन त्यांनी पीडीए उभी केली. डॉ. श्रीराम लागू या संस्थेच्या पहिल्या फळीतले. नाट्यसंस्थांचा व्यवसाय तेव्हा उतरणीला लागला होता, आणि नोकरी-व्यवसाय सांभाळून संध्याकाळी तालमीला जमणाऱ्या हौशी मंडळींनी रंगभूमीची धुगधुगी टिकवली होती. वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ मध्ये याच संस्थेने रंगमंचावर आणलं. मराठीत पुढे नाव गाजवणारा नाटककार आणि नाव गाजवणारा नट, दोघांनाही इथे पहिली मोकळी जागा मिळाली. वेळेवर तालीम, पाठ शब्द, नाटकाविषयी गांभीर्य, हे संस्कार भालबांच्या संस्थेने एका पिढीवर केले. तेव्हा १९७२ मध्ये ‘घाशीराम’ थांबवणारा माणूस जुनाट आणि नाटकाचा वैरी होता, असं कोणी म्हणेल तर तो इतिहासावर अन्याय ठरेल. नव्या नाटकासाठी दार उघडणाऱ्यांपैकीच तो एक होता.

त्या दारातून सत्तरीच्या सुमाराला नवी पोरं आत आली. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक स्पर्धा भरवत होती, आणि या पोरांपैकी अनेकांची जडणघडण त्या एकांकिकांच्या धुमाळीत झाली होती. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय हा त्यांचा एक अड्डा. जब्बार पटेल सोलापुरातून पुण्याला डॉक्टरकी शिकायला आलेले, पुढे दौंडला दवाखाना चालवत नाटक करणारे. मोहन आगाशेही वैद्यकीय शिक्षणातलेच. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी, जेमतेम तेविशीतले. स्वतः पटेल तिशीचे. तेंडुलकरांचं ‘अशी पाखरे येती’ पटेलांनी १९७० मध्ये पीडीएसाठी बसवलं होतं, त्यामुळे लेखक-दिग्दर्शकाची ही जोडी संस्थेला परकी नव्हती.

पण १९७० ते १९७२ या काळात तेंडुलकर हे नाव बरंच तापलेलं होतं. १९७० मध्ये डॉ. लागूंनी ‘गिधाडे’ आणलं आणि परिनिरीक्षणाशी झगडा झाला. १९७२ च्या मार्चमध्ये कमलाकर सारंगांनी ‘सखाराम बाइंडर’ आणलं आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. बाहेर महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता, रोजगाराच्या कामांवर खडी फुटत होती, मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला होता. तेंडुलकर पत्रकार होते. रस्त्यावरचा जमाव कसा तयार होतो, त्याला कोण हवा देतं आणि काम झाल्यावर कोण हात झटकतं, हे ते जवळून पाहत होते. त्यांना सांगायचं होतं ते हे, आणि त्यासाठी त्यांच्या हाताला पेशवाईतली एक गोष्ट लागली.

ती गोष्ट पुण्याला ठाऊक होती. घाशीराम सावळदास हा उत्तरेकडचा ब्राह्मण. नाना फडणवीसांच्या कारभारात, १७७७ पासून तो पुण्याचा कोतवाल होता. चौदा वर्षं त्याने शहर धाकात ठेवलं. १७९१ च्या श्रावणात दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी चोरीच्या संशयावरून पकडलं आणि एका कोंदट जागेत डांबलं. त्यातले बरेच जण गुदमरून मेले. शहर खवळलं, जमाव नानांच्या दारात गेला, आणि शेवटी नानांनी घाशीरामला लोकांच्या हाती दिलं. पुणेकरांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. या विषयावर मोरोबा कान्होबा विजयकरांनी १८६३ मध्येच पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे तेंडुलकरांनी काही गुपित उकरून काढलं नव्हतं.

त्यांनी केलं ते असं. नाटकातला घाशीराम कनोजहून बायको-मुलीला घेऊन पुण्यात नशीब काढायला येतो. दक्षिणेच्या रमण्यात त्याच्यावर चोरीचा आळ येतो, त्याला मारझोड होते, आणि अपमानाने पेटून तो या शहराचा सूड घ्यायची शपथ घेतो. सुडाची वाट तो स्वतःच्या मुलीवरून काढतो. ललितागौरी नानांच्या हवाली करायची आणि बदल्यात कोतवाली घ्यायची. कोतवालाच्या हातून शहर भरडलं जातं, मुलगी बळी जाते, आणि शेवटी नाना एका हुकमासरशी कोतवाल लोकांपुढे टाकून मोकळे होतात. सत्ता माणूस घडवते, वापरते आणि वापरून झाल्यावर फेकते. हे अनैतिहासिक नाटक आहे, घाशीराम कोणत्याही काळात आणि कोणत्याही समाजात निपजू शकतो, असं तेंडुलकरांनी स्पष्ट म्हटलं होतं.

पुण्याला हे म्हणणं पचणं सोपं नव्हतं. त्यासाठी पुण्याचा नकाशा पाहावा. भरत नाट्य मंदिरापासून नानांनी बांधवलेला बेलबाग पायी फार तर वीस मिनिटांवर. नानावाडा शनिवारवाड्याला लागून. ज्या पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात घाशीराम मार खातो, ती पर्वती प्रेक्षकांच्या रोजच्या फिरण्यातली. साडेतीन शहाण्यांत ज्याची गणना होते, बारभाईच्या कारस्थानापासून १८०० मध्ये डोळे मिटेपर्यंत ज्याने मराठी राज्य तोलून धरलं, तो नाना इथे गुलहौशी, लंपट आणि कावेबाज म्हणून नाचत होता. आगाशे यांचा नाना तर हुबेहूब जिवंत. त्यातून सबंध ब्राह्मण समाज भिंतीसारखा रांगेत उभा करून त्याचं सोवळं आणि बावनखणी एकाच तालावर दाखवली होती. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर ज्यांची घरं जळाली, ज्यांना सत्तेतली आपली जुनी जागा निसटलेली दिसत होती, त्या समाजातल्या अनेकांना हे नाटक म्हणजे उरल्यासुरल्या अभिमानावरचा घाव वाटला. तो घाव खरा होता. नाटकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हे मानलं पाहिजे. दुखणं खरं असणं आणि नाटक खोटं असणं, या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आक्षेप आले: नानांचं चारित्र्यहनन, ब्राह्मणांची बदनामी, इतिहासाचं विकृतीकरण. संस्थेच्या आत मतं दुभंगली. भालबांनी अध्यक्ष म्हणून प्रयोग थांबवण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय भित्रेपणाचा होता असं मला वाटत नाही. संस्थेच्या नावाने रंगमंचावर जे जातं, त्याची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर असते, आणि जे आपल्याला पटत नाही त्याखाली आपलं नाव नको, असं म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. चूक झाली असेल तर ती वेगळी. त्यांच्या पिढीने नाटकाची संहिता हीच नाटक मानली. संहितेविषयीचं मत बदललं की नाटक मिटवून ठेवता येतं, असं त्यांना वाटलं असावं.

‘घाशीराम’ तसं मिटण्याजोगं नाटक नव्हतं. त्याची छापील संहिता हातात घेतली तर ती किती विरळ आहे हे कळतं. पानावर शब्द थोडे, सूचना थोड्या. चंदावरकरांनी त्या शब्दांना कीर्तन, लावणी आणि अभंगाच्या चाली दिल्या, मुळगुंदांनी बारा ब्राह्मणांच्या पावलांत लय घातली, पटेलांनी त्या माणसांच्या भिंतीला उघडायला-मिटायला शिकवलं. तीसहून अधिक मंडळींनी तालमीत घाम गाळून एकमेकांच्या श्वासाशी श्वास जुळवला. रांगेतला एक जण अर्धी मात्रा चुकला तर भिंतीला भगदाड पडे. ही गोष्ट कागदावर उतरवता येत नाही. दुसऱ्या संस्थेने तीच संहिता घेऊन दुसरी माणसं उभी केली असती, तर दुसरं नाटक झालं असतं.

म्हणूनच नाटक थांबलं तेव्हा एक विचित्र पेच पडला. पीडीएकडे संस्था होती, नाव होतं, वीस वर्षांची पुण्याई होती. नाटक मात्र त्या तरुणांच्या पायांत आणि गळ्यांत होतं. लेखकही त्यांच्या बाजूला होता. ‘शांतता!’च्या वेळी जो नाटककार दिग्दर्शकाशी एका स्वगतावरून झगडला होता, तो या वेळी दिग्दर्शकाच्या आणि नटांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. लेखक आणि दिग्दर्शक यांच्या भांडणाच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. त्या दोघांना एकत्र बांधणारा क्षण सांगायला आपण विसरतो.

२७ मार्च १९७३ रोजी जागतिक रंगभूमी दिनी ही मंडळी पीडीएतून वेगळी झाली आणि ‘थिएटर अकॅडमी, पुणे’ ही संस्था स्थापन झाली. जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आणि त्यांचे सोबती त्यात होते. वेगळं होणं सोपं नव्हतं. ज्यांच्याकडे नाटक शिकलो, त्यांच्या घरातून बाहेर पडायचं होतं. पुण्यासारख्या शहरात संध्याकाळी त्याच रस्त्यावर, त्याच नाट्यगृहाच्या आवारात पुन्हा समोरासमोर यायचं होतं. पैसा नव्हता, तालमीला हक्काची जागा नव्हती, आणि ज्या नाटकासाठी हे सगळं केलं त्याचा प्रयोग लगेच लावताही येत नव्हता. नव्या संस्थेची घडी बसवून ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर यायला ११ जानेवारी १९७४ उजाडला. पहिल्या प्रयोगापासून जवळपास तेरा महिने लोटले होते. एकाच नटसंचाने एकाच नाटकाचा शुभारंभ दोनदा केला, असं मराठी रंगभूमीवर क्वचितच घडलं असेल.

या दुसऱ्या शुभारंभानंतरचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७६ मध्ये मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांच्या ‘युक्त’ या सहकारी गटाने त्यावर चित्रपट केला. त्यात आगाशेच नाना होते आणि घाशीराम होते ओम पुरी. मोठ्या पडद्यावरच्या त्यांच्या अगदी सुरुवातीच्या भूमिकांपैकी ही एक. १९८० मध्ये बर्लिनच्या महोत्सवाचं निमंत्रण आलं तेव्हा विरोध नव्याने उसळला. परदेशात महाराष्ट्राची आणि नानांची बदनामी होईल, म्हणून नाटक जाऊ देऊ नये, अशी मागणी झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. हे नाटक इतिहास सांगत नाही आणि नाना फडणवीस हे थोर मुत्सद्दी होते, असं निवेदन प्रयोगापूर्वी वाचून दाखवायचं ठरलं आणि मंडळी युरोपला गेली. पुण्याच्या पेठांमधली ती माणसांची भिंत तिथल्या रंगमंचांवर उभी राहिली. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या प्रेक्षकांनाही सत्ता आणि तिने पाळलेला कोतवाल ओळखता आला.

या निवेदनाकडे मी गांभीर्याने पाहतो. त्यात दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं मांडायला जागा मिळाली. ज्यांना नानांच्या थोरवीची चिंता होती, त्यांचं म्हणणं प्रेक्षकांच्या कानावर गेलं, आणि नाटकही झालं. भालबा आणि तरुण मंडळी यांच्यातही १९७३ मध्ये मुळात असंच काहीसं घडलं. एकाने आपलं नाव काढून घेतलं, दुसऱ्यांनी आपलं नाटक बरोबर नेलं. हे फाटणं दुःखाचं होतं, पण त्या फाटण्यात नाटक जाळलं गेलं नाही आणि कोणाचं तोंडही कायमचं बंद झालं नाही. आज एखाद्या नाटकावर आक्षेप आला की प्रयोग उधळला जातो, नाट्यगृहाचा मालक घाबरून तारीख रद्द करतो, आणि लेखक-दिग्दर्शक एकमेकांकडे बोट दाखवतात. तेव्हाच्या पुण्याने मतभेदाला वेगळं होण्याची वाट ठेवली होती. ती वाट आपण जपायला हवी होती.

आणि त्या वाटेवर काय उगवलं, ते पाहावं. थिएटर अकॅडमी केवळ ‘घाशीराम’साठी निघालेली संस्था राहिली नसती तरच तिचं वेगळं होणं सार्थ ठरणार होतं. नव्या संस्थेला नवं नाटक हवं होतं, आणि ते तिच्या आतूनच आलं. २२ नोव्हेंबर १९७४ रोजी, त्याच सदाशिव पेठेत, त्याच भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर, पंचविशीतल्या सतीश आळेकरांनी स्वतः लिहून स्वतः बसवलेलं ‘महानिर्वाण’ सुरू झालं. चाळीतला एक माणूस मेला आहे, आणि आपल्या मरणाची कथा तो स्वतःच कीर्तन करत सांगतो आहे. कीर्तन, अभंग, टाळांचा गजर, शब्दाशब्दांत पुणेरी मराठी. तेंडुलकरांच्या नाटकात कीर्तनाचा जो ताल त्या तरुणाने अंगात मुरवला होता, तो आता त्याच्या स्वतःच्या नाटकातून बाहेर पडला. पुढे ‘बेगम बर्वे’ आलं, पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ आलं, अरुण साधूंचं ‘पडघम’ आलं.

नाटक कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर मला त्या नोव्हेंबरमधल्या रात्रीत सापडतं. लेखकाने दिलेलं, दिग्दर्शकाने घडवलेलं, संस्थेने आधी पोसलेलं आणि मग नाकारलेलं नाटक अखेर ज्यांनी रोज अंगावर वागवलं, त्यांच्यात राहिलं. आणि त्यांच्यापैकीच एकाने ते आपल्या पिढीच्या भाषेत पुढे लिहिलं.